डेन्मार्कच्या नव्वद जागा आणि माझं एक मत

मी घर सोडलं त्या सकाळी अप्पांनी गाडी मुंबईच्या रस्त्याला लागू दिली नाही. आधी शाळेकडे घ्यायला लावली. लोकसभेचं मतदान होतं. डिकीत माझ्या बॅगा, टपावर दोरीने बांधलेलं खोकं, आईच्या मांडीवर दशम्यांचा डबा आणि ड्रायव्हर बिचारा सारखा घड्याळाकडे बघतोय. मिरजेहून मुंबईचा विमानतळ म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम. आई म्हणाली, "अहो, विमान चुकेल तिचं." अप्पा म्हणाले, "विमानं रोज असतात." झालं, संपला विषय. अप्पा गणिताचे मास्तर. निवडणुकीची ड्युटी लागली की बाकीचे शिक्षक दुखण्याचे दाखले आणायचे आणि आमचे अप्पा पेट्यांबरोबर ट्रकमधून खुशाल निघायचे, कुठल्यातरी खेड्यातल्या शाळेत बाकावर झोपायचे. त्यांच्या मुलीने मत न देता देश सोडायचा म्हणजे काय!

तर बोटाला शाई लावून मी सिंगापूरला उतरले. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, आधीच इथे येऊन चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात चिकटला होता. इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या बाईंनी माझं बोट बघून विचारलं, "Printer spoil ah?" मी म्हटलं, इलेक्शन. त्यांनी मान डोलावली आणि पासपोर्टवर शिक्का मारला. त्यांना काय कळलं देव जाणे. ती शाई नखावरून सरकत सरकत नाहीशी व्हायला पुष्कळ दिवस लागले, आणि ती जाईपर्यंत मला आपण चार दिवसांसाठी कुठेतरी आलोय असंच वाटत होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या मताचं घेऊन बसलीस. म्हणालच. तिकडे राहिलेले तुम्ही सगळे लग्नाकार्यात भेटलात की हेच म्हणता: "तुला काय बाई, तू आता तिकडची." रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल मी तोंड उघडलं की "तुला काय", शाळांबद्दल बोलले की "तुला काय". आणि माझ्याबरोबर इकडे आलेले, तुम्ही तर त्याहून पुढचे. इथल्या मंडळाच्या गणपतीत मोदक खाताना भारताच्या राजकारणावर तावातावाने भांडता आणि मतदानाच्या दिवशी म्हणता, "रजा कुठे शिल्लक आहे?" दोघांनाही सांगायचंय म्हणून हे लिहायला बसलेय. राग आला तर येऊ दे, मलाही आलेला आहे.

इथे आम्ही पासिर रिसला राहतो. आधी भाड्याने होतो, मग पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर हा एचडीबीचा सरकारी फ्लॅट घेतला. लेक रेवा इथलीच. इथे निवडणूक आली की आमच्या ब्लॉकच्या खाली, मोकळ्या व्हॉइड डेकवर टेबलं लागतात आणि शेजारपाजारचे लोक सकाळी सकाळी रांगेत उभे राहतात. नागरिकांना मतदान सक्तीचं आहे. मला रांग नाही, कारण पीआरला मत नाही. आमच्या मजल्यावरच्या मिसेस टान मला लिफ्टपाशी म्हणाल्या, "You no need to vote, so good, free holiday!" मनापासून हेवा वाटत होता त्यांना माझा. मी हसले. घरात येऊन कुकर जरा जास्तच जोरात आपटला, तेव्हा मिलिंद म्हणाला, "आता काय झालं?" काय झालं ते सांगता आलं नाही. फुकटची सुट्टी मिळाली आणि बाई चिडली, असं कुणाला सांगणार!

या सगळ्यात डेन्मार्क कुठून आलं ते सांगते. माझी नोकरी एका डॅनिश जहाज कंपनीत. ऑफिस जुरोंग ईस्टला, म्हणजे एमआरटी मेट्रोच्या हिरव्या लाइनने हे टोक ते जवळजवळ ते टोक. माझं काम क्रू प्लॅनिंगचं. कुठल्या जहाजावर कोण चढणार, कोण उतरणार, कुणाच्या जागी कोण. मालवणचा खलाशी, मनिलाचा कुक, ओडेसाचा चीफ इंजिनियर, सगळे माझ्या स्क्रीनवर. आमच्या कामात एक गोष्ट पक्की असते. माणूस जहाजावर असतो नाहीतर रजेवर असतो. रजेवर गेला म्हणून त्याचं नाव कुणी पुसत नाही. त्याच्या नावापुढे 'ऑन लीव्ह' लिहितात आणि तो परत कधी येणार ते बघतात.

डॅनिश लोकांची एक सवय सुरुवातीला मला फार जड गेली. मीटिंगमध्ये सगळ्यांना विचारायचे, तुझं मत काय? बॉसचं नाव क्लाउस, आणि त्याला क्लाउसच म्हणायचं, सर नाही, साहेब नाही. तो टेबलाभोवती एकेकाकडे बघणार आणि थांबणार. मी मिरजेची. आमच्याकडे मुलीला 'चहा टाक' म्हणतात, 'मत काय' म्हणत नाहीत. पहिले काही महिने मी "सेम, सेम" म्हणून वेळ मारून नेली. मग एकदा बोलले. मग बोलतच सुटले. आता क्लाउस म्हणतो की मीटिंग वेळेत संपवायची असेल तर मला शेवटी विचारावं.

तर त्यांच्या संसदेची निवडणूक आली. तिकडे संध्याकाळी मतदान संपतं तेव्हा आपल्याकडे पहाट असते, म्हणून क्लाउसने ऑफिसातच न्याहारी ठेवली. ब्रेड रोल, चीज, जॅम, त्यात टूथपिकवरचे कागदी झेंडे खोचलेले, आणि भिंतीवर मोठा स्क्रीन. निकालावर आमची पैजही लागली होती, हरणाऱ्याने पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना खायला आणायचं. मी आधी आठवडाभर अभ्यास केला होता. अप्पांचीच मुलगी! त्यांच्याकडे प्रत्येक पक्षाला एक अक्षर असतं, मतपत्रिकेवर तेच. A म्हणजे पंतप्रधानांचा जुना कामगारांचा पक्ष. V म्हणजे शेतकऱ्यांमधून आलेला, आता उजवीकडचा. M म्हणजे नवाच निघालेला, आम्ही मधले म्हणणारा. आणि एक Ø, म्हणजे पोटात तिरकी काडी खुपसलेला ओ, तो पार डावीकडचा. डावे सगळे मिळून लाल गट, उजवे सगळे मिळून निळा गट, आणि सभागृहात बहुमताला लागतात नव्वद. हे सगळं मी घरी इतक्यांदा बोलून दाखवलं की मिलिंद म्हणाला, "आपल्या सोसायटीच्या कमिटीत कोण आहे ते तरी माहितीय का तुला?"

निकाल यायला लागले. A पन्नासवर गेला. क्लाउसने शिट्टी मारली. V ची पार दाणादाण, आधीच्या जवळजवळ निम्म्यावर, तेवीस. नवा M सोळा. मी प्रत्येक पक्षाचं अक्षर आणि त्यापुढे आकडा असं फळ्यावर लिहीत होते, आपण होऊन, कुणी सांगितलं नव्हतं. लाल गटाची बेरीज केली. A, F, Ø, B आणि डोक्यावर गोल टोपी घातलेला Å. सत्याऐंशी. मी जाहीर करून टाकलं, "संपलं! तीन कमी. लाल गट गेला!" आणि मार्कर टेबलावर ठेवला.

क्लाउस हसायला लागला. "You forgot Greenland," म्हणाला. त्यांच्या संसदेत ग्रीनलँडचे दोन आणि फेरो बेटांचे दोन असे चार खासदार वेगळे. समुद्रापार, बर्फात, कुठल्या कुठे. ग्रीनलँडची मोजणी अजून यायची होती, पण दोन्ही जागा लाल गटाकडेच जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. फेरो बेटांवरून एक आली होती. सत्याऐंशी, एक आणि दोन. नव्वद. अगदी काठावर. पंतप्रधान कोण होणार ते ठरायला लांबच्या बेटांवरच्या माणसांची गरज पडली, आणि त्यांनाच मी बेरजेत धरलं नव्हतं. मी! दिवसभर दर्यावरच्या माणसांची नावं सांभाळणारी!

लाल गट हरणार अशी माझी पैज होती, ती हरले त्याचं काही नाही, शुक्रवारी साबुदाणा वडे नेले आणि सगळ्यांनी बोटं चाटली. मला झोंबलं ते पुढे. क्लाउस मोठ्या कौतुकाने म्हणाला, "You know all this better than us. You should have a vote!" सगळे खो खो हसले. मीही हसले. हसलं नाही तो एकच माणूस, इंगर. ती उठली आणि कप घेऊन पॅन्ट्रीत गेली.

इंगर आमच्या अकाउंट्सची. डॅनिश, साठीच्या आसपासची, कमी बोलणारी. नवरा इथला चिनी, मुलं इथली, घर ऑफिसच्या मागेच जुरोंग ईस्टला. मी तिच्या मागोमाग गेले. मला वाटलं तिचा पक्ष पडला. विचारलं, तू कुणाला दिलंस? नंतर वाटलं असं विचारू नये. ती म्हणाली, "मी कुणाला देणार? मला मतच नाही." मला आधी कळेचना. डॅनिश पासपोर्ट आहे ना हिचा? मग तिने सांगितलं. क्लाउसला कंपनीने इथे पाठवलंय, म्हणून त्याने दूतावासात जाऊन मत पाकिटात घालून दिलं. थोड्या काळापुरते बाहेर गेलेल्यांनाही देता येतं. पण जो कायमचा बाहेर राहतो त्याचं मत जातं. आणि इथलं नागरिकत्व घ्यायचं तर तिकडचं सोडावं लागतं, ते तिच्याच्याने झालं नाही. म्हणजे इथे नाही आणि तिथेही नाही. बर्फातल्या बेटाचं मत मोजतात, आणि हिचं, जिची आई अजून तिकडे एकटी राहते, हिचं नाही!

ती म्हणाली, त्यांच्या भाषेत मत आणि आवाज यांना एकच शब्द आहे. स्टेम्म. मत गेलं म्हणजे आवाज गेला असं ऐकू येतं. मी तिला सांगितलं, आमच्याकडे मत म्हणजे वोट आणि मत म्हणजेच ओपिनियन. ती जरा विचार करून म्हणाली, "मग तुझं तर दोन्ही जाईल." मी तिला ठासून सांगितलं की माझं मत शाबूत आहे. माझा पासपोर्ट भारताचा, माझं नाव मिरजेच्या यादीत, माझ्या वडिलांनी स्वतः घातलेलं. मी रजेवर आहे, इंगर, गेलेली नाही. असं मी म्हणाले. किती तोऱ्यात म्हणाले!

पुढे त्यांचं सरकार कसं झालं तेही ऐका. त्या नव्वदीसाठी सकाळभर जीव टांगणीला लावला आणि शेवटी कितीतरी आठवडे बोलणी करून A, V आणि M असे तिघे मिळून सरकारात बसले. लाल आणि निळा एकत्र! ज्या V ला लोकांनी निम्म्यावर आणून ठेवलं तो मंत्रिमंडळात. मी क्लाउसला म्हटलं, अरे मग मतं कशाला मोजलीत? तो शांतपणे म्हणाला, सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं. मला त्यांचा हा शांतपणा कधी कधी अगदी सहन होत नाही. पण ऐकून घ्यायचं तर माणूस यादीत तरी हवा ना, हे त्याला इंगरसमोर विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. इंगरनेच नको म्हणून मान हलवली.

मी मात्र तेव्हाच निश्चय केला. पुढच्या लोकसभेला मिरजेला जायचं म्हणजे जायचं. मिलिंद म्हणाला, "एक बटण दाबायला? भर मे महिन्यात?" रेवा म्हणाली, "One vote only, what's the point lah." मी म्हटलं, विचार ग्रीनलँडला. आणि तिलाही बरोबर घेतलं, बघू दे म्हटलं काय असतं ते.

मिरजेत उन्हाने डांबर वितळत होतं. स्टेशनवरून येताना भिंतीवर फलक होता, 'मत द्या'. रेवाने शाळेत दुसरी भाषा म्हणून हिंदी घेतलीय, कारण मराठी तिथे नाहीच. ती अक्षरं जुळवून वाचत म्हणाली, "आई, मत means don't, right? Don't give?" माझा भाऊ, म्हणजे दादा, गाडी चालवता चालवता असा हसला की गाडी दुभाजकावर जायची. मला काही हसू आलं नाही. माझ्या पोटच्या मुलीच्या लेखी मत म्हणजे नको!

मतदानाच्या दिवशी सकाळीच मी आंघोळ करून, आईची जुनी इरकल नेसून तयार. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. शाळा तीच. रांगेत ओळखीचे चेहरे, "कधी आलीस", "मुलगी केवढी झाली". माझी पाळी आली. आतला तरुण मास्तर अप्पांचा विद्यार्थी निघाला. त्याने यादीवरून बोट फिरवलं, पान उलटलं, परत मागे आला. "ताई, तुमचं नाव नाहीये." मी म्हटलं, नीट बघा. त्याने बघितलं. मागच्या यादीशी ताडून बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वगळलंय ताई. स्थलांतरित म्हणून."

स्थलांतरित! पक्षी असतात स्थलांतरित. थंडीत येतात आणि उन्हाळ्यात जातात, आणि लोक त्यांचे फोटो काढायला दुर्बिणी घेऊन बसतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गैरहजर, स्थलांतरित, मयत, अशी तीन कारणं असतात म्हणे नाव काढायला. मयताच्या शेजारच्या रांगेत मला बसवलं! मागे लोक ताटकळलेले, रेवा माझा पदर ओढतेय, "आई, come, people looking." बाहेर आले तर मिरजेच्या मास्तरणी, दुकानदार, रिक्षावाले, सगळे बोटाला शाई लावून फोटो काढत होते. माझं बोट कोरडं.

घरी आले ती दादावरच तुटून पडले. घरोघर यादी तपासायला माणसं येतात, त्यांना यानेच सांगितलं असणार. मी म्हटलं, "बहीण मेली का रे तुझी?" वाटण्या झाल्या, घर तुझ्या नावावर झालं, मी एका शब्दाने बोलले नाही, आता यादीतूनही काढलंस? खूप बोलले. दादा खालमानेने ऐकत राहिला. मग खुर्चीतून अप्पांचा आवाज आला. "त्याला बोलू नकोस. मी सांगितलं."

मी म्हटलं, म्हणजे काय सांगितलं?

"यादी तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं, इथे राहतं कोण. मी म्हटलं, मी, मुलगा, सून, दोन नातवंडं. मुलगी सिंगापूरला असते."

"अप्पा, हे सांगायला तुमची जीभ वळली कशी?"

"मग काय सांगू? माळ्यावर राहते म्हणून सांगू? जन्मभर यादीतली खोटी नावं खोडली मी. आता घरातलंच ठेवू?"

नियमाने अगदी बरोबर. मी इथे राहत नाही हे खरंच आहे. पण खऱ्याचाही राग येतो हो माणसाला. मला गाडी थांबवून मत द्यायला लावणारा हा माणूस, आणि त्यानेच सरळ सांगून टाकलं की ही इथली नाही. दादाने वातावरण हलकं करायला चिमटा काढला, "अगं, अप्पांनी मुद्दाम काढलं. तुझं मत कुणाला जाणार ते त्यांना ठाऊक आहे." आणि ते खोटंही नव्हतं. दर रविवारी फोनवर आम्हा दोघांचं राजकारणावरून वाजतंच. अप्पा ज्यांना देतात त्यांना मी जन्मात देणार नाही, आणि मी ज्यांना देते त्यांचं नाव काढलं की अप्पा फोन दादाकडे देतात. मी चिडून म्हटलं, "असंच असेल." अप्पा चष्मा पुसत बसले.

मी तशीच परत आले. विमानात रडले, ते रागाने. ऑफिसात इंगरने विचारलं, कसं झालं मतदान? मी सांगितलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, मी बोललेच होते. पण तिने फक्त माझा कप घेतला आणि दोघींची कॉफी करून आणली. पॅन्ट्रीतलं ते बोलणं सोडलं तर इतकी वर्षं शेजारी बसून त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी कामाचं सोडून बोललो. तिने तिच्या आईच्या गावाबद्दल सांगितलं, मी मिरजेबद्दल. दोघीही भयंकर चिडलेल्या होतो आणि ते बरं वाटत होतं.

मग एका रविवारी अप्पांचा फोन आला. नेहमीसारखी प्रस्तावना नाही, तब्येत नाही. "पासपोर्टच्या पानांच्या प्रती पाठव. व्हिसाचं पानही. बाहेर राहणाऱ्या नागरिकांना वेगळा अर्ज असतो, तो भरायचा. मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं." मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? "विचारलं," एवढंच. बाकीचं दादाने सांगितलं. वय झालेला माणूस, गुडघे गेलेले, रिक्षा करून तहसील कचेरीत खेपा घालत होता. एकदा साहेब जेवायला गेलेले, एकदा प्रत पुसट आलेली, एकदा कुणीतरी म्हणालं की आजोबा, ती तिकडे सुखात आहे, तिला कशाला पाहिजे मत? तेव्हा म्हणे अप्पा कचेरीत ओरडले. सगळ्या नोकरीत वरच्या साहेबाला उलट शब्द न बोललेले अप्पा. "दादा, काय म्हणाले ते?" मी विचारलं. दादा म्हणाला, "ते जाऊ दे. पण मला यांना धरून बाहेर आणावं लागलं."

विधानसभा दिवाळीनंतर होती. रजा शिल्लक नव्हती. क्लाउसकडे गेले, म्हटलं बिनपगारी दे. तो म्हणाला, एका मतासाठी? मग स्वतःच जरा ओशाळला आणि म्हणाला, जा. मिलिंदने गुपचूप तिकीट काढून दिलं. सुधारतात नवरे, वेळ लागतो.

या वेळी माझं नाव होतं. अगदी शेवटी, सगळ्यांच्या खाली, परदेशी राहणाऱ्यांच्या वेगळ्या मथळ्याखाली, एकटं. आमच्या केंद्रावर त्या मथळ्याखाली दुसरं नावच नव्हतं. मिरजेतून काय कमी लोक गेलेत बाहेर? कुठे आहेत सगळे? परत राग आला. पण आतल्या बाईंनी पासपोर्ट बघून माझं नाव मोठ्याने वाचलं, वडिलांच्या नावासकट, आणि पक्षांच्या माणसांनी आपापल्या कागदांवर खूण केली. मी बटण दाबलं. यंत्र वाजलं. मला ज्यांना द्यायचं होतं त्यांनाच दिलं, अप्पांची भीड ठेवली नाही. शाळेच्या दारात अप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, त्यांचं आधीच झालं होतं. माझ्या हाताला धरून उठले.

दुपारी जेवायला बसलो. दादा म्हणाला, "झाली वजाबाकी? अप्पांचं एक तिकडे, हिचं एक इकडे. दोघं घरी बसला असता तरी निकाल तोच." अप्पा म्हणाले, "तोच." आणि मला तेव्हा, घास तोंडात असताना, नीट उमगलं. या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं की माझं मत त्याचं मत खोडणार. तरी तो त्या पायांनी खेपा घालत राहिला, ओरडला, माझं नाव घालून आणलं, आणि आपलं स्वतःचं मत माझ्याकडून खोडून घेतलं. तुम्ही मला विचारता ना, तुझं घर आता कुठलं, मिरज की पासिर रिस? दशम्यांचं, सणाचं, गल्लीचं सगळं सोडा. माझ्या विरोधात असूनही मी मोजली जावी म्हणून जिथे कुणी भांडतं, ते माझं घर. परत आल्यावर इंगरला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, तिच्यासाठी भांडायला तिकडे आता नव्वदीची आईच काय ती उरली आहे.

तर त्या दुपारी अप्पांनी भात कालवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या निवडणुकीला मी नसेन बहुतेक. तेव्हा तुझं खोडायला कुणी नसणार. ते अख्खं मोजतील. जरा विचार करून देत जा."

असला संताप झाला माझा! मी ताकाचं भांडं त्यांच्या ताटाशी आदळलं आणि म्हटलं, "अप्पा, तुम्ही याल, मत द्याल आणि माझं खोडाल. आता गप्प जेवा."